‘थांबा-जरा’ मेकॅनिक

त्याला सगळे ‘थांबा-जरा’ म्हणतात. तोंडावरही म्हणतात, आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. एसी आणि फ्रिज दुरुस्त करणारा माणूस. वय पंचावन्नच्या पुढे, बाह्या दुमडलेला करडा शर्ट, खांद्याला कॅनव्हासची पिशवी आणि हातात एक घडीचं स्टूल. आमच्या ऑफिसच्या लिफ्टमनने मला त्याचा नंबर दिला, तेव्हा सोबत इशाराही दिला.

“साहेब, माणूस चोख आहे. पण तुमच्यासारख्याला झेपेल का, सांगता येत नाही.”

“माझ्यासारख्याला म्हणजे?”

“तुम्ही लिफ्टचं बटण तीनदा दाबता,” तो म्हणाला.

त्या दिवसांत मला बटणं दाबण्यावाचून दुसरं काही सुचत नव्हतं, हे खरं आहे. घरी मी आणि आक्का, दोघंच. आक्का माझी थोरली बहीण, अकरा वर्षांनी मोठी. माझी बायको गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली. तेव्हापासून ती माझ्या आधाराने राहते की मी तिच्या, हे आम्ही कधी ठरवलं नाही. तिला मज्जातंतूंचा जुना आजार आहे. एरवी ती काठी घेऊन घरभर फिरते, भाजी चिरते, माझ्या चुका काढते. पण खोली तापली की पाय तिचं ऐकत नाहीत आणि उजव्या डोळ्यासमोर धुकं येतं. खोली गार झाली की तासाभरात पाय ताळ्यावर येतात. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं, खोली पंचवीस अंशांच्या वर जाऊ द्यायची नाही. थोडक्यात, आमच्याकडचा एसी म्हणजे आक्काची दुसरी काठी.

ही दुसरी काठी तीन आठवडे रोज दुपारी दगा देत होती. तीन वाजून दहा मिनिटांच्या आसपास माझ्या टेबलावरचा फोन वाजायचा. इतका नेमाने वाजायचा की पलीकडच्या टेबलावरचे सहकारी घड्याळ न बघता म्हणायचे, “चला, तीन-दहाची आली!”

“बाळ, बंद पडला रे,” आक्का सांगायची. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी मला बाळ म्हणणारं दुसरं कोणी उरलेलं नाही.

“मेन स्विच बंद कर. दहा मोज. मग चालू कर.”

“केलं. पंखा फिरतोय, पण हवा गरम.”

“परत कर.”

“अरे, मी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. एक बटण दोनदा दाबलेलं माझ्या सुपरवायझरला चालायचं नाही.”

“आक्का, कर ना!”

ती करायची. काही उपयोग व्हायचा नाही. आणि संध्याकाळी मी घरी पोहोचायच्या सुमारास एसी आपला शहाण्या मुलासारखा गार हवा सोडत असायचा.

माझा स्वभाव नोंदी ठेवण्याचा. कॉमर्सचं शिक्षण आणि गोदाम विभागातली तेहतीस वर्षांची नोकरी, दोन्हींचा तो परिणाम. पहिल्या दिवसापासून मी एक वही ठेवली होती. रकाने चार: तारीख, थांबण्याची वेळ, पुन्हा सुरू होण्याची वेळ, शेरा. दुरुस्तीसाठी मी दर बुधवारी अर्धा दिवस रजा टाकायचो, कारण बुधवारी आमच्याकडे मालाची आवक कमी असते. पहिल्या बुधवारी जो मेकॅनिक आला, त्याने पाच मिनिटांत निदान केलं, “गॅस संपलाय,” आणि गॅस भरून गेला. दुसऱ्या दिवशी एसी दिवसभर उत्तम चालला. वहीत मी लिहिलं, ‘दुरुस्ती यशस्वी.’ शुक्रवारी तीन-दहाला फोन वाजला. पुढच्या बुधवारी दुसरा मेकॅनिक आला. त्याने कपॅसिटर बदलला, जाळ्या धुतल्या. गुरुवारी परत उत्तम. परत शेरा, ‘दुरुस्ती यशस्वी.’ परत शुक्रवार आणि परत फोन.

पण त्या शुक्रवारी फोन तीन-दहाला आला नाही, चारला आला. आक्का पलंग आणि बाथरूमच्या मध्ये पडली होती. फोनपर्यंत सरकत यायला तिला पाऊण तास लागला. कोपर काळंनिळं झालं. हाड वाचलं.

तिचा मुलगा दुसऱ्या शहरात असतो. त्याला कळवावंच लागलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

“मामा, तुम्ही करताय ते मला दिसतंय,” तो म्हणाला. “पण इथे एक संस्था आहे. सगळी इमारत गार असते, रात्रंदिवस नर्स असतात. एक खाट रिकामी झालीय. ते पुढच्या शुक्रवारच्या संध्याकाळपर्यंत ठेवणार आहेत. मी शुक्रवारी दुपारी येतो. मशीन चाललं तर ठीक. नाही तर आईला त्याच दिवशी घेऊन जातो.”

आक्काने फोन माझ्या हातातून घेतला. “तिथे खिडकी कुठे उघडते?”

“आई, खिडक्या उघडत नाहीत तिथे. सगळं बंद असतं, एसी असतो ना.”

“मग तू राहा तिथे,” असं म्हणून तिने फोन ठेवला. पण नंतर दोन दिवस ती फार कमी बोलली. आणि मला काय काय होत होतं, ते सांगण्यात अर्थ नाही. मी ऑफिसात पायऱ्यांनी चढायला लागलो होतो, कारण लिफ्टची वाट बघवत नव्हती.

तर असा तो तिसरा बुधवार. मी दोन वाजताची वेळ दिली होती. थांबा-जरा एक वाजताच येऊन दारात उभा.

“मुद्दामच लवकर आलो. आजारी माणसाला बरं असताना बघायला हवं.”

त्याने चपला काढल्या, आक्काच्या खोलीत स्टूल उघडलं आणि एसीसमोर बसला. पिशवी उघडलीच नाही. पाच मिनिटं गेली. दहा गेली. मी दारात, मग खिडकीशी, मग परत दारात.

“तपासायला सुरुवात करायची का?” मी विचारलं.

“थांबा जरा. सुरूच आहे.”

“तुम्ही तर नुसते बसलाय.”

“तुम्ही उभे आहात, म्हणून मला बसावं लागतंय,” तो म्हणाला. “दोघं उभे राहिलो तर यंत्राला वाटेल काहीतरी झालंय.”

आक्का पलंगावरून खुदकन हसली. आठवड्यात पहिल्यांदाच.

मग त्याने मला सगळं विचारलं आणि मी वही उघडून वाचायला घेतली. “पहिल्यांदा बंद पडला तो चार तारखेला, तीन वाजून…”

“बंद पडला म्हणू नका.”

“बंदच पडतो हो!”

“नाही साहेब. बंद पडलेलं यंत्र संध्याकाळी आपोआप चालू होत नाही. हे होतंय. म्हणजे हे थांबतंय. बंद पडलं की बिघाड यंत्रात शोधायचा. थांबलं की विचारायचं, याला थांबवतंय कोण? तुम्ही फोनवर ‘बंद पडलाय, गार हवा येत नाही’ म्हणून सांगितलंत, म्हणून आधीच्या दोघांनी जे केलं ते केलं. त्यांची चूक नाही. त्यांना दिवसाला आठ घरं करायची असतात.”

“आणि तुम्हाला?”

“मलाही आठच होती. मी तीन करायचो. म्हणून कंपनीने मला घरी बसवलं. तेव्हापासून मी लोकांच्या घरी बसतो.”

तीन वाजत आले. खोलीतल्या तापमापकाचा काटा चोवीसवर होता. मी तीनदा घड्याळ बघितलं. तीन वाजून आठ मिनिटांनी बाहेरच्या युनिटचा आवाज खट्‌कन तुटला. आत नुसता पंखा फिरत राहिला. माझा हात सवयीने मेन स्विचकडे गेला, तोच त्याने माझं मनगट धरलं. घट्ट.

“थांबा जरा!”

“अहो, खोली तापेल, तिचे पाय…”

“आक्का, पंधरा मिनिटं द्याल मला?” त्याने तिलाच विचारलं.

“वीस दिली,” आक्का म्हणाली. “बाळ, तू बस खाली. तुझ्यामुळेच जास्त गरम होतंय.”

तो बाथरूममध्ये गेला. आमच्या बाथरूमची खिडकी इमारतीच्या मधल्या डक्टमध्ये उघडते. चारी बाजूंनी भिंती, पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप, आणि खिडकीच्या खाली आमच्या एसीचं बाहेरचं युनिट. त्याने हात बाहेर काढून युनिटवर ठेवला आणि लगेच मागे घेतला.

“तापलंय. फार तापलं की कॉम्प्रेसर स्वतःला वाचवायला थांबतो. आत तशी सोय केलेली असते. तो निवेपर्यंत तुम्ही शंभरदा स्विच दाबा, तो उठणार नाही. उलट त्याला त्रास.”

“मग तापतो का?”

त्याने खिशातून पांढऱ्या दोऱ्याचं रीळ काढलं. हातभर दोरा तोडून युनिटच्या जाळीला बांधला. मला वाटलं, दोरा खाली लोंबेल. तो सरळ वर उभा राहिला आणि थरथरायला लागला.

“पंखा थांबलाय,” तो म्हणाला. “मग दोऱ्याला वर कोण उचलतंय?”

डक्टमधली हवा खालून वर येत होती. मी हात बाहेर काढला. चहाच्या किटलीवर धरल्यासारखं वाटलं. खाली वाकून बघितलं, तर पहिल्या मजल्याच्या कठड्याखाली अंधार, पाइपांची गर्दी. काही दिसेना.

“वही द्या,” तो म्हणाला.

बाथरूमच्या उंबऱ्यावरच बसून त्याने माझी वही वाचली. एकेक ओळ, बोट फिरवत. मग म्हणाला, “अक्षर सुंदर आहे. वार कुठे आहेत?”

“तारीख आहे ना. वाराचा रकाना ठेवला नाही. जागा वाचवली.”

त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि समासात वार लिहायला लागला. सोमवार, मंगळवार, बुधवार. मी वरून बघत होतो. तो लिहून थांबायच्या आतच मला दिसलं. तीन आठवड्यांत एसी न थांबलेले दिवस दोनच होते. दोन्ही गुरुवार.

“पण त्या दोन्ही वेळा आदल्या दिवशी दुरुस्ती झाली होती,” मी म्हणालो.

“दुरुस्ती बुधवारी का झाली?”

“मी बुधवारी रजा घेतो.”

“हं,” तो म्हणाला. “म्हणजे तुम्ही बुधवारऐवजी सोमवारी रजा घेतली असती, तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं की दुरुस्तीने काही झालेलं नाही. गुरुवारी ते तसंही थांबत नाही. आणि श्रेय मिळालं गॅसला.”

तेहतीस वर्षं मी लोकांच्या नोंदी तपासल्या. माझ्याच वहीत वार नव्हते.

“गुरुवारी काय असतं?” त्याने विचारलं.

काही नसतं, असं मी म्हणणार होतो. तेवढ्यात खोलीतून आक्काचा आवाज आला.

“गुरुवारी घुमत नाही.”

“काय घुमत नाही?”

“खाली. दुपारी दोनला जमिनीखाली घूं सुरू होतं, साडेपाचला संपतं. पलंगाच्या पायातून येतं ते माझ्यापर्यंत. गुरुवारी नसतं.”

“आक्का, हे आजवर सांगितलं का नाहीस?”

“मला कोणी विचारलं का? तू फोनवर नुसता म्हणतोस, बंद कर, दहा मोज, चालू कर. एक्स्चेंजमध्ये कॉल आला की आधी ऐकायचं असतं, मग प्लग लावायचा असतो.”

थांबा-जरा उठला. दारात जाऊन त्याने आक्काला चक्क हात जोडले. “तुम्ही आमच्या लाइनीत यायला हवं होतं.”

तळमजल्यावर लॉन्ड्री आहे. गुरुवारी बंद असते, हे मला माहीत होतं. माझेच शर्ट तिथे जातात. पण माझ्या डोक्यात शर्ट एका फाइलीत होते आणि एसी दुसऱ्या.

आम्ही खाली गेलो. लॉन्ड्रीवाली बाई चांगली दणकट, मालकीण तीच आणि कामगारही तीच. मागच्या खोलीत कपाटाएवढं नवं ड्रायर घुमत होतं. तीन आठवड्यांपूर्वी बसवलेलं. त्याचा रुपेरी पाइप भिंतीतून थेट डक्टमध्ये गेला होता, आमच्या युनिटच्या बरोबर खाली.

मी सगळं एका दमात सांगितलं आणि शेवटी म्हणालो, “तर ते दुपारी बंद ठेवा.”

“बंद ठेवू?” तिने हातातली चादर टेबलावर आपटली. “आणि या दीडशे चादरी कोण वाळवणार, तुम्ही? एकेक हातात धरून फुंकर मारणार?”

“माझी बहीण पडली, बाई!”

“ती मला तुमच्याआधी माहीत आहे! खिडकीतून रोज माझ्याशी बोलते. तुम्ही बोलता का कधी? शर्ट टाकला, पावती घेतली, निघाले.”

मी तोंड उघडलं. शेजारून शब्द आले, “थांबा जरा.” माझ्यासाठी आहेत की तिच्यासाठी, कळलं नाही. दोघंही त्याच्याकडे वळलो.

तो ड्रायरच्या पाइपाला हात लावून उभा होता. “बाई, सुरुवातीला एक घाणा किती वेळात वाळायचा?”

“पन्नास मिनिटं. का?”

“आता सव्वा तास लागत असेल.”

ती त्याच्याकडे वळली. “तुम्हाला कोणी सांगितलं?”

“पाइपाने. तोंडाशी कपड्यांचा भुगा साचलाय आणि समोर भिंत. हवेला जायला वाव नाही. तुमचं मशीन पण गुदमरतंय, त्यांचं पण. पाइप डक्टमधून काढून मागच्या भिंतीतून गल्लीवर सोडला तर दोघंही सुटतील. पण भिंतीला भोक पाडायचं म्हणजे मशीन दिवसभर बंद हवं. उद्या गुरुवार.”

“उद्या माझी सुट्टी,” ती म्हणाली. “आठवड्यातला एकच दिवस मी उशिरा उठते.”

ड्रायर घुमत राहिला. तिने वर छताकडे पाहिलं, आक्काची खोली जिथे येते तिथे.

“किल्ली सकाळी सातला देते,” ती म्हणाली. “मी मात्र झोपणार.”

परत वर येताना तो मला म्हणाला, “साहेब, एक गोष्ट. उद्या एसी चालेल. त्याचं धरू नका. उद्या तो चालणारच आहे. खरं काय ते शुक्रवारी.”

“शुक्रवारी दुपारी माझा भाचा येतोय.”

“मग त्यालाही बसायला स्टूल द्या,” तो म्हणाला.

गुरुवारी मी ऑफिसला गेलो नाही. सकाळी आठला त्याला फोन केला, उचलला नाही. सव्वाआठ, साडेआठ, नाही. नऊ वाजता मला राहवेना. लिफ्टमनकडून पत्ता घेतला आणि निघालो. सायकलच्या दुकानावरची एक खोली, बाहेरून लोखंडी जिना. दार उघडंच. आत एका भिंतीला फळ्या आणि फळ्यांवर जुने कॉम्प्रेसर, पंख्याची पाती, नळ्या. प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी आणि चिठ्ठीवर एकेक ओळ: ‘घाईने जाळलेला.’ ‘नुसता मळलेला, उगाच बदलला.’ ‘काही झालं नव्हतं.’ खिडकीशी त्याची बायको शिलाई मशीनवर बॅगांचे पट्टे शिवत होती. रीळ कुठून येतं, ते मला कळलं.

“ते? सात वाजता गेले,” ती म्हणाली. “तुमच्याच इमारतीत.”

मी पुढच्या दाराने धावत निघालो होतो, आणि तो मागच्या गल्लीत भिंत फोडत होता.

“फोन उचलला नाही त्यांनी.”

“हातात ड्रिल असलं की उचलत नाहीत. नसलं तरी विचार करून उचलतात. बसा, पाणी घ्या.” पट्टा उलटा करत ती म्हणाली, “मी सत्तावीस वर्षं वाट बघतेय. आमचं लग्न लागत होतं, तेवढ्यात हॉलमधला पंखा थांबला. सगळे गडबडले. नवरदेव म्हणतात कसे, थांबा जरा. माझे वडील म्हणाले, जावईबापू, थांबायचं असेल तर आत्ताच सांगा!”

मी हसलो. बऱ्याच दिवसांनी.

“ते असेच होते का पहिल्यापासून?”

“छे हो. तुमच्यापेक्षा वाईट.” मी कसा आहे हे तिला कसं ठाऊक, ते मी विचारलं नाही. “बर्फाच्या कारखान्यात होते तरुणपणी. एकदा मुख्य कॉम्प्रेसर थांबला. हे एकटे ड्युटीवर. नऊ वेळा बटण दाबलं. नवव्यांदा मोटारच जळाली. चार दिवस कारखान्यात नुसतं पाणी. फोरमनकाकांनी नोकरीवरून काढलं नाही, पण म्हणाले, यंत्र तुला थांबून काहीतरी सांगत होतं रे, आणि तू नऊ वेळा त्याचं तोंड दाबलंस. ते त्यांच्या मनाला लागलं. ती मोटार बघा, सगळ्यात वर.”

सगळ्यात वरच्या फळीवर काळी पडलेली एक मोटार होती. तिची चिठ्ठी इतकी जुनी झाली होती की काही वाचता येत नव्हतं.

मी परत आलो तेव्हा भिंतीला गोल भोक पडलेलं होतं. तो स्टुलावर बसून पाइपाच्या कोपऱ्याला पट्टी गुंडाळत होता. समोर लॉन्ड्रीवाली गाउनमध्येच उभी राहून त्याला सूचना देत होती. झोपणार म्हणाली होती ती.

शुक्रवारी एक वाजता भाचा आला. सरळ आईच्या खोलीत गेला, तिचं कोपर बघितलं आणि कपाटाच्या वरची बॅग काढली.

“अजून तीन वाजायचे आहेत,” मी म्हणालो.

“भरून ठेवतो मामा. साडेचारची गाडी ठरवलीय. ऐन वेळी धावपळ नको.” एकच गाउन तो दोनदा घडी घालत होता.

“माझा चष्मा भरू नकोस,” आक्का म्हणाली. “तीन वाजता काय होतं ते मला बघायचंय.”

पावणेदोनला थांबा-जरा आला. बाथरूममध्ये जाऊन त्याने जुना दोरा सोडला, नवा बांधला आणि परत येऊन स्टुलावर बसला. त्याचं सांगणं ऐकून मी भाच्यालाही एक खुर्ची दिली होती, पण तो उभाच. मीही उभाच. मामा-भाचे एकाच वळणाचे.

दोन वाजले. आक्काने तळवे जमिनीला टेकवले. “सुरू झालं,” ती म्हणाली. “पण आज लांबून येतंय.”

अडीच. बाहेरचं युनिट सरळ एका सुरात चाललं होतं. भाच्याने फोन काढून गाडीवाल्याला काहीतरी लिहिलं. तीन वाजले. मी वही उघडून धरली. तीन-पाच. तीन-आठ. तीन-दहा.

चालूच.

तीन-वीस. भाचा खिडकीजवळून हलला. “याआधी कधी इतका वेळ…?”

“गुरुवारी,” थांबा-जरा म्हणाला. “आज शुक्रवार आहे. थांबा जरा.”

साडेतीन. मला पहिल्यांदा खुर्चीची आठवण झाली. बसलो. पाठ टेकवली. आणि तेवढ्यात, तीन वाजून चौतीस मिनिटांनी, बाहेरचा आवाज खट्‌कन तुटला.

तोच आवाज. आत नुसता पंखा.

मी उडालो. हात स्विचपर्यंत पोहोचलाही होता. भाच्याने डोळे मिटून घेतले आणि म्हणाला, “बंद पडला. मामा, पुरे आता.” त्याने बॅगेची चेन ओढली.

“थांबला,” थांबा-जरा म्हणाला.

“तेच ते!”

“तेच नाही.” तो जागचा हललाही नव्हता. “आधी काटा बघा, मग मला बोला.”

भिंतीवरच्या तापमापकाचा काटा मी बघितला. तेवीस. गुरुवार सोडले तर तीन आठवड्यांत दुपारी तो इतका खाली कधी गेलाच नव्हता.

“जेवढं गार करायला सांगितलं, तेवढं करून झालं,” तो म्हणाला. “म्हणून तो आपल्या मर्जीने थांबलाय. कोणी थांबवलेलं नाही. खोली जराशी तापली की स्वतःच उठेल. दोरा बघून या.”

मी बाथरूमकडे धावलो. दोरा खाली लोंबत होता, निवांत. त्याच्याकडे बघत मी उभा राहिलो. किती वेळ, ते मी वहीत लिहिलेलं नाही. मग खालचं युनिट हलकेच थरथरलं आणि घरघर सुरू झाली. दोरा भिंतीपासून दूर, समोरच्या दिशेने फडफडला. हवा जायला हवी तिथे जात होती.

खोलीत आलो तेव्हा आक्का काठी टेकून पलंगापाशी उभी होती. तीन-चाळीस झाले होते. लॉन्ड्री चालू असताना या वेळेला ती तीन आठवड्यांत एकदाही उभी राहू शकली नव्हती. तिने खांदे आवळले.

“अरे, गारठले मी,” ती मुलाला म्हणाली. “माझी शाल दे.”

भाच्याने कपाट उघडलं. रिकामा कप्पा. मग पलंगावरची चादर उचलून बघितली. मग त्याचा हात तसाच राहिला.

“शाल बॅगेत गेली, आई,” तो म्हणाला. “सगळ्यात खाली.”

“मग उघड की बॅग,” आक्का म्हणाली. “सगळी उघड. खालची वस्तू काढायची म्हणजे वरचं सगळं काढावंच लागतं.”

तो खाली बसला आणि चेन उघडली. एकेक गाउन, औषधांचा डबा, टॉवेल बाहेर यायला लागले. मी ते हातोहात कपाटात ठेवत होतो, जागच्या जागी. मध्येच त्याचा फोन वाजला. गाडीवाला असावा. भाच्याने फोन कानाला लावला, माझ्याकडे बघितलं, स्टुलाकडे बघितलं, आणि म्हणाला, “थांबा जरा.”